रंदुनु धबधब्याचा दाखला

आमच्या देशातली माणसं सहलीला जातात ती एकमेकांचे फोटो काढायला. एप्रिल उजाडला की अर्धं कोलंबो उठतं आणि नुवरएलियाला जातं. तिथे थंडीत कुडकुडायचं, लाल विटांच्या त्याच त्या पोस्टापुढे उभं राहून दात दाखवायचे, गाजराची एक जुडी विकत घ्यायची आणि परत यायचं. तीच गाजरं आमच्या कोट्टावाच्या बाजारात कमी पैशांत मिळतात, असं कुणाला सांगायला गेलं तर उत्तर ठरलेलं, “विजेकून महात्तया, तुम्हाला हौसच नाही.” (महात्तया म्हणजे आमच्याकडचं ‘साहेब’.)

मला हौस नाही! रविवारच्या पेपरात ‘न पाहिलेली लंका’ या सदराचे एकेचाळीस लेख लिहिणाऱ्या माणसाला हे लोक हौस शिकवणार! जिथे बस जात नाही, हॉटेल नाही, साधी चहाची टपरी नाही, अशी एकेचाळीस ठिकाणं मी या बेटाच्या कानाकोपऱ्यातून हुडकून लोकांपुढे ठेवली. पडके किल्ले, विसरलेली तळी, वळगंबा राजा लपला होता त्या गुहा. (आता जुन्या काळी वळगंबा राजा शत्रूच्या भीतीने लपून होता चौदा वर्षं, आणि आमच्याकडे एकही गुहा अशी नाही की जिच्यात तो लपला नव्हता. हिशेब केला तर बिचाऱ्याला एका गुहेत धड जेवायलाही वेळ मिळाला नसणार. पण राजा नसलेल्या गुहेकडे आमची माणसं ढुंकूनही बघत नाहीत, त्याला मी काय करू?)

राहता राहिली एक बारीकशी गोष्ट. या एकेचाळीस ठिकाणांपैकी एकाही ठिकाणी मी गेलेलो नाही.

यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. मला गाडी लागते. होमागम आमच्या घरापासून सहा किलोमीटर. तिथवर माझ्या पोटातली न्याहारी शाबूत पोचल्याचं एकही उदाहरण नाही. पण चौतीस वर्षं मी सरकारी नकाशे कचेरीत नकाशे काढले. नदी कुठे वळते, टेकडी कुठून चढते, देवळामागे तळं आहे की नुसती झुडपं, सगळं मला बसल्या जागी पाठ. प्रत्यक्ष जाऊन येणारा माणूस काय लिहितो? “फार छान वाटलं, जेवण तिखट होतं.” त्यापेक्षा घरी बसलेला माणूस शंभरपट बरा.

हे गुपित फक्त माझ्या बायकोला, यसवतीला माहीत होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. त्यात मी तिला केळणियाच्या देवळापलीकडे कुठेही नेलेलं नाही, आणि तिथेही आम्ही दोन टप्प्यांत गेलो होतो. तरी तिने एकेचाळीसच्या एकेचाळीस कात्रणं वहीत चिकटवून ठेवली होती. कुणी आलं की चहाआधी वही बाहेर यायची.

तर या लेखांचं पुस्तक निघणार होतं. ग्रंथसाहाय्य मंडळाने छपाईला मदत करायचं कबूल केलं. मी फाटकावर ‘टी. विजेकून, लेखक’ अशी नवी पाटीसुद्धा रंगवून घेतली. आणि पंधराव्या दिवशी मंडळाचं पत्र आलं. सोबत तीन प्रतींत भरायचा नमुना: ‘लेखकाने वर्णिलेल्या स्थळांपैकी मंडळाने निवडलेल्या एका स्थळास लेखकाने प्रत्यक्ष भेट दिल्याबद्दल तेथील ग्रामसेवकाचा दाखला.’

आता ग्रामसेवकाचा दाखला ही आमच्या देशाची खरी राष्ट्रीय गोष्ट. माणूस जिवंत आहे हे नुसतं त्याने श्वास घेऊन सिद्ध होत नाही, दाखला लागतो. तेव्हा दाखल्याचं मला काही नवल वाटलं नाही. मी खाली निवडलेलं स्थळ वाचलं आणि चष्मा पुसून पुन्हा वाचलं. स्थळ क्रमांक सतरा. रंदुनु धबधबा, गाव हिंगुरगल, मोनरागलच्या पुढे.

चाळीस ठिकाणं खरी होती हो! देवाशपथ खरी होती. मंडळातल्या त्या विद्वानांना चाळीस सोडून नेमकं हेच सापडावं? म्हणे, ‘सर्वांत हृद्य वर्णन’.

हृद्य असणारच. तो धबधबा माझा स्वतःचा होता. अठ्ठ्याऐंशी साली मोनरागलकडचं एक पान मी पूर्ण करत होतो. तीन वाजता मोठे साहेब तपासायला येणार होते. पावणेतीनला माझ्या लेखणीतून निळ्या शाईचा एक टपोरा थेंब पडला, तो हिंगुरगल गावाच्या वरच्या बाजूला, जिथे नुसतं झुडपांचं रान होतं. पात्याने खरवडला असता तर कागद फाटला असता. म्हणून मी त्या थेंबाला एक बारीक शेपूट काढलं, ते खालच्या नाल्याला नेऊन जोडलं, आणि थेंबाच्या जागी धबधब्याची खूण केली. नाव काय द्यावं? समोर भिंतीवर रंदुनु ज्वेलर्सचं कॅलेंडर होतं. साहेब आले, भिंग लावून बघितलं आणि म्हणाले, “वा विजेकून, हा धबधबा आधीच्या लोकांच्या नजरेतून सुटला होता!” आता साहेबांना खोटं पाडणं माझ्या संस्कारात बसत नाही.

मग पुढे सदर लिहिताना सतराव्या आठवड्यात मला ताप आला. पान तर द्यायचं होतं. आपलं पोर सगळ्यांना गोड वाटतं. मी लिहीत गेलो. तीन धारा, खाली हिरवा डोह, डोहात वळगंबाची राणी न्हायची. लिहिता लिहिता माझेच डोळे भरून आले होते.

बेत साधा होता. गुपचूप एकट्याने बसने जायचं, ओकत का होईना पोचायचं, ग्रामसेवकाला गोड बोलून ‘भेट दिली’ एवढाच शिक्का घ्यायचा आणि परत यायचं. नमुन्यात धबधबा आहे का, असा प्रश्नच नव्हता. पण यसवती म्हणाली, “एकटे? एकतीस वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर पडताय आणि मला सोडून? मला तो धबधबा बघायचाय. राणीचा डोह बघायचाय. मी येणार.” आणि हे ती मागच्या कुंपणापाशी उभी राहून म्हणाली.

कुंपणापलीकडे मर्विन महात्तया राहतात. बँकेतून निवृत्त झाले, सल्ले द्यायचं सोडून बाकी सगळ्यातून निवृत्त झाले. आयुष्यात एकदा चार दिवस सिंगापूरला जाऊन आले आणि ते चार दिवस अजून संपलेले नाहीत.

“बसने?” मर्विन कुंपणावरून डोकावले. “अहो विजे, लेखक माणूस तुम्ही, बसने कसले जाता? व्हॅन करू. आम्हीही येतो. सिंगापूरला असे धबधबे यंत्राने पाडतात, आपण खरा तरी बघू.”

“धबधबा लांब आहे, वाट वाईट आहे, जळवा आहेत,” मी म्हणालो.

“तुमच्या लेखात तर लिहिलंय, ‘लहान मूलही चालत जाईल’.”

आपले लेख लोक वाचतात, यासारखं दुसरं संकट नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीतले अकरा जण ठरले. पुढच्या घरातल्या पियसीली टीचर पंचांग घेऊनच आल्या. चाळीस वर्षं गणित शिकवलं, पण मुहूर्ताशिवाय बाई बाजारात भेंडीसुद्धा आणत नाहीत. त्यांनी सांगितलं, गुरुवारी सकाळी सहा वाजून बारा मिनिटांनी, उत्तरेला तोंड करून निघायचं.

आता आमची गल्ली दक्षिणेला उघडते. उत्तरेला मर्विनची भिंत आहे. मी हे नम्रपणे निदर्शनास आणून दिलं. नकाशाच काढून दाखवला.

“टीचर, उत्तरेला रस्ताच नाही.”

“रस्ता कुठेही असू दे,” टीचर म्हणाल्या, “तोंड उत्तरेला हवं.”

तोडगा ड्रायव्हरने काढला. गुरुवारी सहा बाराला आम्ही अकरा माणसं, हात जोडून, उत्तरेला तोंड करून व्हॅनमध्ये बसलो आणि व्हॅन रिव्हर्समध्ये दक्षिणेला निघाली. जन्मात पहिल्यांदा मी उलटा प्रवास करत होतो आणि माझ्या पोटाला तो अजिबात मानवला नाही. होमागम राहिलं बाजूला, दहा पावलांतच मी ‘थांबा’ म्हणून ओरडलो. ड्रायव्हरने दचकून स्टीअरिंग फिरवलं आणि माझ्याच फाटकाचा खांब आडवा केला. ‘टी. विजेकून, लेखक’ चाकाखाली गेली. टीचर म्हणाल्या, “बघा, मुहूर्त चांगला म्हणून खांबावरच निभावलं.” अशा माणसांशी वाद घालता येत नाही.

पुढचे सात तास मी थोडक्यात सांगतो, कारण मला ते थोडक्यातच आठवतात. माझ्या नाकाला लिंबू होतं, मांडीवर पिशवी होती. मागे ढोलकी घेऊन बैला, म्हणजे आमच्याकडची टाळ्या पिटायची नाचगाणी, चालली होती. रत्नपुरापाशी वाटेवरच्या देवळात सगळ्यांनी नाणी टाकली, मी खाली उतरून दुसरंच काही टाकलं. मग केळीच्या पानातली भाताची पुडकी सुटली. आंबट मासा, खोबऱ्याची तिखट चटणी, वांगं. तो वास व्हॅनभर पसरला आणि मर्विन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, “लेखक महाशय, एकेचाळीस वेळा गेलात तेव्हा असंच होत होतं का?” त्यांच्या डोळ्यात जे काही चमकलं ते मला आवडलं नाही.

“सरकारी जीप वेगळी असते,” मी म्हणालो आणि पिशवीत तोंड घातलं. यसवतीने नवी साडी नेसली होती, मांडीवर कात्रणांची वही होती.

दीडच्या सुमारास हिंगुरगल आलं. ऊन असं की माती पांढरी दिसत होती. दहाबारा घरं, एक दुकान, रस्त्याकडेला एक मोठी पाटी. गाडी थांबली. मर्विननी चष्मा लावला आणि पाटी खड्या आवाजात वाचली, “इथे धबधबा नाही. कृपया पाणी मागू नये.”

ढोलकी थांबली.

“हे कोणी लिहिलंय?” पियसीली टीचरनी विचारलं.

“खेडवळ लोक आहेत,” मी म्हणालो. “पर्यटक नकोत म्हणून असं लिहितात. मत्सर असतो एकेकाला.”

“मग तुम्ही दाखवा,” मर्विन म्हणाले. “चला.”

तिथेच मी पाय धरले असते तर? पण माणसाची अब्रू अशी गोष्ट आहे की ती जाताना दिसत असली तरी माणूस तिच्या मागे धावतो. मी पिशवीतून नकाशा काढला आणि रुबाबात पुढे झालो. अकरा माणसं काट्याकुट्यातून आठशे मीटर चालली. मग आणखी आठशे. टीचरची साडी बोरीला अडकली. मर्विन घामाने निथळत होते, पण चेहरा प्रसन्न. मी मुद्दाम दोनदा वाट चुकवली. पण शेवटी आलो त्याच जागी आलो, कारण नकाशा, मी सांगतो, अत्यंत अचूक होता. नेमक्या त्या ठिकाणी एक वारूळ होतं. वारुळाच्या सावलीत एक बकरी बसली होती.

“तीन धारा कुठायत?” मर्विननी विचारलं.

“पलीकडे असतील,” मी म्हणालो. “डोंगर सरकतात कधीकधी.”

डोंगर सरकतात! चौतीस वर्षं नकाशे काढलेल्या माणसाच्या तोंडून हे वाक्य निघालं. बकरीने माझ्याकडे बघितलं आणि मान फिरवली.

तासाभराने आम्ही धापा टाकत गावात परतलो. मला भोवळ यायला लागली होती. पहिल्याच घराच्या ओट्यावर एक म्हातारी बसली होती, पोडिमेनिका आजी. तिने आमचे अवतार बघितले, पाटीकडे बघितलं, उसासा टाकला आणि आतून मातीचा एक लोटा घेऊन आली. मी हपापल्यासारखा घेतला. दिवसभर ओकून तोंड कडू झालेलं. खळखळून चूळ भरली, थुंकली. दुसरी भरली, थुंकली. उरलेलं डोक्यावर ओतलं. जिवात जीव आला. लोटा पुढे करून म्हणालो, “आजी, अजून एक आणा, प्यायला.”

आजी लोट्याकडे बघत उभी राहिली. रागावली नाही. म्हणाली, “आजचं तेवढंच होतं रे बाबा. सांजच्याला सून गेली की आणील. साडेचार किलोमीटरवर नळ हाय.”

जमिनीवर माझ्या चुळांचे दोन ओले डाग होते. ते बघता बघता सुकले.

मला वाटलं, आता यापेक्षा वाईट काही होणं शक्य नाही. तेवढ्यात स्कूटीवरून ग्रामसेविका आली. इरोशा नाव, तिशीची पोरगी, बगलेत जाडजूड फाइल. व्हॅन आली की गाव तिला फोन करत असे. व्हॅन म्हणजे पाणी मागणारे.

“धबधब्यासाठी आलात?” तिने विचारलं.

“हे स्वतः लेखक आहेत!” मर्विननी मला पुढे ढकललं. “रंदुनु धबधब्याचे. तुमच्याकडून दाखला हवाय त्यांना, भेट दिल्याचा.”

इरोशाने मला खालून वर न्याहाळलं. “तुम्हीच का ते? महात्तया, गेली तीन वर्षं आम्ही तुमची वाट बघतोय. दर सुट्टीला दोन व्हॅन येतात. ‘तुमच्याच गावातला धबधबा तुम्हाला माहीत नाही?’ म्हणून आम्हाला शिव्या देतात आणि आमचंच पाणी पिऊन जातात. तुम्ही बघितलाय ना डोळ्यांनी? मग दाखवा की. आम्ही आपले वेंधळे.”

तिने फाइल उघडून एक कागद माझ्या हातात दिला. “वाचा. मोठ्याने वाचा, लेखक आहात.”

पाण्याच्या कचेरीचं पत्र होतं. गावाने अकरा वेळा विहीर मागितली होती, हे अकरावं उत्तर. ‘सरकारी नकाशानुसार हिंगुरगल गावापासून आठशे मीटरवर बारमाही ओढा व धबधबा असल्याने गावास विहिरीची आवश्यकता दिसत नाही.’ खाली, ‘जादा पुरावा’ म्हणून माझ्या सतराव्या लेखाची झेरॉक्स जोडली होती. ‘लहान मूलही चालत जाईल’ या ओळीखाली लाल पेन्सिलीने रेघ मारली होती.

“तुमचा लेख परवाचा,” इरोशा म्हणाली. “ते जाऊ दे. पण हा नकाशा काढणारा कोण गाढव असेल, देव जाणे. सगळं त्याच्यावर येऊन थांबतं.”

“सापडला तर सांग गं,” आजी म्हणाली. “माझ्या सुनेबरोबर एक दिस पाण्याला धाडू त्याला.”

सगळे हसले. मर्विनही हसले. नकाशा मी काढलाय हे तिथे कुणालाही माहीत नव्हतं. लेखाचं काय, ‘गाव चुकलं’ म्हटलं असतं आणि निभावून नेलं असतं. इरोशाने दाखल्याचा नमुना घेतला होता, तिन्ही प्रती भरल्या होत्या, ‘भेट दिली हे खरंच आहे’ म्हणत शिक्क्यावर ‘हा’ करून फुंकरही मारली होती. पुस्तक हाताच्या अंतरावर होतं. आणि मला ते दोन ओले डाग जिथे होते ती जागा दिसत होती. तिथे आता काहीच नव्हतं.

“तो गाढव मी,” मी म्हणालो.

मग सांगितलं सगळं. थेंब, पावणेतीन, साहेब, ज्वेलर्सचं कॅलेंडर. वळगंबाच्या राणीपर्यंत आलो तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू येईना. कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

पहिली आजी बोलली. ती ओट्यावरून वाकली, माझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि विचारलं, “चुकून एवढा मोठा धबधबा काढलास? मग चुकून एखादी विहीर काढायला काय झालं होतं रे तुला?”

मी बासष्ट वर्षांचा आहे. साहेबांनी झापलंय, मर्विननी टोमणे मारलेत, पण असं मला कुणी बोललेलं नाही. आणि बाई चिडून बोलत नव्हती. तिला खरंच प्रश्न पडला होता.

इरोशाने कोरा कागद पुढे केला. मी लिहून दिलं: सदर धबधबा अस्तित्वात नाही, कधीही नव्हता, तो माझ्या शाईचा थेंब आहे. पेन मर्विनचं. साक्षीदार म्हणून त्यांनी सही केली आणि पहिल्यांदाच सिंगापूरचं नाव काढलं नाही.

यसवती एवढा वेळ बाजूला उभी होती. ती जवळ आली. “बाकीची चाळीस?” तिने विचारलं.

“ती आहेत. खरंच आहेत.”

“बघितली नाहीत एवढंच.”

“हो.”

ती व्हॅनकडे गेली. आम्ही घरून पाण्याचे पाच मोठे कॅन आणले होते, डोहात पोहून झाल्यावर प्यायला. तिने ते एकेक करून उतरवले आणि पाचही आजीच्या ओट्यावर नेऊन ठेवले. मर्विनच्या बायकोने ‘अगं, आपल्याला वाटेत?’ असं काहीतरी म्हटलं. यसवती तोवर व्हॅनमध्ये जाऊन बसलीसुद्धा. परत येताना सात तास कुणी गायलं नाही, कुणी पाणी प्यायलं नाही, आणि नवल म्हणजे मला गाडीही लागली नाही. माझ्या पोटानेसुद्धा माझ्याशी बोलणं टाकलं असावं.

पुढचं ठरल्यासारखंच झालं. मी स्वतःच मंडळाला कळवलं, पुस्तक बारगळलं. संपादकांनी दोन ओळींची दिलगिरी छापून सदर बंद केलं. गल्लीतली पोरं मला धबधबा मामा म्हणतात. मर्विन काहीच म्हणत नाहीत, नुसते कुंपणावरून आभाळाकडे बघत विचारतात, “विजे, आज पाऊस कुठे काढणार?” आणि मी हे सगळं निमूट सोसलं, कारण माझ्या हातात तो कागद होता. आयुष्यात लिहिलेला पहिला संपूर्ण खरा कागद. हिंगुरगलच्या वतीने तो घेऊन मी कोलंबोत पाण्याच्या कचेरीत गेलो. बसने गेलो, दोनदा उतरून गेलो, पण गेलो.

टेबलामागे एक गुबगुबीत गृहस्थ होते. त्यांनी माझा कागद दोनदा वाचला, दार लोटून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे तुमचं म्हणणं, धबधबा कधी नव्हताच?”

“नव्हताच. मीच काढला तो.”

“मग आमच्या कचेरीने अकरा वेळा लिहिलं, ते सगळं खोटं?”

“खोटं नाही, चुकीचं.”

“तेच ते. महात्तया, त्या अकरा पत्रांवर पाच साहेबांच्या सह्या आहेत. चार पेन्शन घेतायत, पाचवे आत बसलेत. एका थेंबासाठी पाचांची चौकशी लावू? शिवाय नकाशे कचेरी कधी मान्य करणार नाही. नसलेला धबधबा काढून टाकायचा नमुनाच नाही सरकारात.” त्यांनी माझा कागद दोन बोटांनी उचलून मला परत दिला. “गावाला विहीर हवी ना? मग असं काय करता? लिहा, धबधबा कोरडा पडला. दुष्काळ. दुष्काळाला कुणी जबाबदार नसतो. आठ दिवसांत मंजूर करून देतो.”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पुस्तक गेलं, सदर गेलं, फाटकावरची पाटी गेली, सगळ्या गल्लीसमोर माझी सालटी निघाली. कशासाठी? एका खऱ्या कागदासाठी, जो या माणसाला टेबलावर ठेवायलाही नको होता! हेच एक खोटं मी हिंगुरगलला उभ्या उभ्या ठोकून दिलं असतं तर अब्रूही राहिली असती आणि विहीरही झाली असती. मी उठलो. म्हणालो, “मी खोटं लिहिणार नाही. या विषयावर माझं लिहून झालंय.”

“मर्जी तुमची,” ते म्हणाले आणि फाइल मिटायला लागले.

फाइलवर इरोशाच्या अक्षरात लिहिलं होतं, हिंगुरगल, अर्ज बारावा. मला आजीचा लोटा आठवला. मी खाली बसलो आणि लिहिलं. सुवाच्य अक्षरात, तीन प्रतींत: रंदुनु धबधबा पूर्णपणे कोरडा पडला आहे. खाली सही केली.

गृहस्थांनी कागद वाचला, समाधानाने मान हलवली आणि तिन्ही प्रतींवर शिक्का मारला. मग चष्मा काढून हळहळत म्हणाले, “वाईट झालं हो. काय सुंदर धबधबा होता! मी दोनदा जाऊन आलोय.”